मुलगा दोन वर्षांचा झाला तरी पाच-सहाच शब्द बोलतो. घरी काय करावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की सांगितलेलं त्याला सगळं कळतं, आणि सासूबाई म्हणतात, 'पोरगे उशिरानंच बोलतात.' मी मिरजेत बालवाडी चालवते, डॉक्टर नाही. तरी आधी कानाचं सांगते. दार वाजलं की वळून बघतो म्हणजे नीट ऐकू येतं, असं धरू नका. काही मुलांना मोठे आवाज कळतात, पण 'स', 'श' असे बारीक आवाज निसटतात. कान तपासून घ्याच. दोन वर्षांपर्यंत साधारण 50 शब्द आणि 'पाणी दे'सारखं दोन शब्द जोडून बोलणं यायला हवं. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांनाही दाखवा.

आता घरातलं. 'हे काय? सांग ना! बोल ना!' हे बंद करा. परीक्षेला बसवल्यासारखं पोरगं गप्प होतं. त्यापेक्षा शेंगा फोडायला बसलात की त्याला समोर घ्या. 'शेंग फोडली. दाणा निघाला. दाणा हवा?' एवढंच बोला आणि थांबा. मनात पाचपर्यंत अंक मोजा. हे थांबणंच आपल्याला जमत नाही. त्याच्या आधी आत्या बोलते, नाहीतर आजी. तो 'दा' म्हणाला तर 'दा नाही, दाणा म्हण' असं करू नका. 'हो, दाणा! अजून दाणा!' म्हणा. त्याचा एक शब्द, तर तुमचे दोन. आणि नजर पेल्याकडे गेली की लगेच पाणी पुढे करायचं नाही. मागायची वेळच आली नाही तर तो बोलेल कशाला? अर्थात रडेपर्यंत ताणू नका.

मोबाइलबद्दल जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलंय: दोन वर्षांच्या मुलाला दिवसाला तासाभराहून जास्त नको, कमी तितकं चांगलं. घास भरवताना तर नकोच, गप्पांची ती हक्काची वेळ.

सासूबाई जतच्या, त्याच्याशी कन्नड बोलतात म्हणून शेजारी नावं ठेवतात ना? खुशाल बोलू द्या. दोन भाषांनी बोलणं अडत नाही. शब्द मोजताना कन्नडही धरा. 'ॲपल-बॉल'ची कार्डं मात्र मला पटत नाहीत. घरात कुणी तसं बोलतच नाही.

येत असलेले शब्द बोलायचे बंद झाले, हाकेला बघत नसेल किंवा हवं ते बोटानं दाखवत नसेल, तर घरचे उपाय करत बसू नका. त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे न्या.