ट्यूबवरची बारीक अक्षरं आधी वाचा

तुम्ही लिहिलंय की जांघेतला नायटा मलम लावलं की चार दिवसांत बसतो, थांबवलं की आठवड्यात परत उठतो, आणि दर वेळी आधीपेक्षा मोठा होऊन. शिवाय आता मांडीच्या आतल्या बाजूला चिरा पडल्यासारख्या रेघा दिसतायत. हे वाचून राहवलं नाही, कारण मी याच चक्रात बराच काळ अडकलो होतो. मी डॉक्टर नाही, हा रुग्णाचा अनुभव आणि नंतर केलेलं वाचन आहे, तेव्हा त्या बेतानेच घ्या.

स्वच्छता, कोरडेपणा, सैल सुती कपडे हे तुम्हाला माहीत असणारच, त्यावर वेळ घालवत नाही. त्या रेघांवर बोलू.

नायटा नुसता बुरशीविरोधी मलम लावून चार दिवसांत बसत नाही. खाज कमी होते, पण लाली आणि कडा जायला वेळ लागतो. इतक्या झटपट सगळं सपाट होत असेल तर ट्यूबमध्ये स्टिरॉइड असण्याची दाट शक्यता. मागची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांपैकी काही दिसतंय का? गंमत म्हणजे क्लोट्रिमाझोल हे बुरशीचं औषध आणि क्लोबेटासॉल हे अतिशय तीव्र स्टिरॉइड, नावं मात्र घाईत सारखीच वाटतात. आणि अनेक मलमांत बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि स्टिरॉइड अशी तिन्ही एकत्र कोंबलेली असतात.

लाली, सूज, खाज ही आपल्या शरीराची बुरशीविरुद्धची लढाई असते. स्टिरॉइड ती लढाईच थांबवतं. राखेखाली निखारा तसाच राहतो. बुरशी निवांत पसरत जाते, गोल चट्ट्याची ओळखू येणारी कडा पुसली जाते आणि मग बघणाऱ्याला हा नायटा आहे हेही कळत नाही. या वेषांतर केलेल्या नायट्याला वैद्यकात ‘टिनिया इन्कॉग्निटो’ म्हणतात, 1968 पासून हे नाव रूढ आहे. म्हणजे हे काही काल लागलेले शोध नव्हेत! त्या रेघा स्टिरॉइडने कातडी पातळ झाल्याच्या असू शकतात. जांघेत आणि काखेत कातडी मुळातच नाजूक, औषध जास्त शोषलं जातं, म्हणून तिथे हे लवकर होतं. नायटा जातो, रेघा बहुतेक पूर्ण जात नाहीत.

माझ्या बाबतीत हे मलम एका दवाखान्यातूनच लिहून मिळालं होतं. नाव सांगत नाही. चट्ट्याकडे दुरून एक नजर, लगेच चिठ्ठी. परत गेलो तर ‘तुमच्यावर हे चालत नाही’ म्हणून त्याहून तीव्र. त्याच्या पुढच्या खेपेला ‘एक्झिमा असेल’. खरवडून बघू का, असं एकदाही कोणी म्हटलं नाही. ती तपासणी किती साधी आहे! चट्ट्याच्या कडेचा कोंडा बोथट पात्याने खरवडायचा, काचपट्टीवर 10 ते 20 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे थेंब टाकायचे, कातडीच्या पेशी विरघळल्या की सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे फाटे फुटलेले धागे दिसतात. बऱ्याचदा त्याच भेटीत उत्तर. माझं निदान शेवटी यानेच झालं. त्यामुळे माझं मत थोडं टोकाचं आहे: दोनदा उलटलेला नायटा जो खरवडून बघत नाही, त्याच्याकडे तिसऱ्यांदा जाऊ नका. बुरशीचं नवं औषध सुरू करण्याआधी तपासणी झाली तर उत्तम, नाहीतर असलेली बुरशीही दिसत नाही.

स्टिरॉइड थांबवल्यावर काही दिवस खाज आणि लाली उसळते. नेमकं तेव्हाच हात जुन्या ट्यूबकडे जातो. मोठ्या भागावर महिनोन्‌महिने लावत असाल तर थांबवणंही त्वचारोगतज्ज्ञांना विचारूनच करा.

तुमच्यासारख्या जुनाट, पसरलेल्या नायट्याला नुसतं मलम सहसा पुरत नाही, टर्बिनाफिन किंवा इट्राकोनाझोलच्या गोळ्या लागतात. डोस मी सांगणार नाही. यकृताचा त्रास, हृदय कमजोर असणं, गर्भारपण, कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या हे सगळं डॉक्टरांना आपणहून सांगा. इट्राकोनाझोलची कॅप्सूल जेवणानंतर घ्यायची असते आणि आम्लपित्ताच्या औषधाने तिचं शोषण घटतं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, पाकिटातल्या कागदावर सापडलं. टर्बिनाफिनला न जुमानणारी बुरशीही आता आढळते, तेव्हा गुण आला नाही तर सगळा दोष स्वतःकडे घेऊ नका. मलम चट्ट्याबाहेर साधारण 2 सेंटिमीटरपर्यंत लावा आणि डाग दिसेनासा झाल्यावर लगेच सोडू नका. किती दिवस ते लिहून घ्या.

पावलांची बोटंही बघा. तिथे सालं निघत असतील तर जांघेतली बुरशी तिथूनच आलेली असू शकते. दोन्हीकडे उपचार होईपर्यंत मोजे आधी घाला, अंतर्वस्त्र नंतर. ऐकायला विचित्र, पण उपयोगी. टॉवेल वेगळा, आणि कपड्याला चालत असेल तर 60 अंशांच्या पाण्यात धुवा.

आणि हो, शेवटच्या ओळीत तुम्ही जाताजाता लिहिलंय की मुलाच्या डोक्यात केस गळालेला गोल चट्टा आहे. माझ्या मते आधी त्याला दाखवा. डोक्यातला नायटा असेल तर नुसत्या मलमाने बरा होत नाही, कारण बुरशी केसाच्या मुळाशी आणि केसाच्या आत असते. पोटात औषध द्यावंच लागतं. चट्टा सुजून पू धरायला लागला तर तिथले केस कायमचे जाऊ शकतात. तुमची ट्यूब त्याच्या डोक्याला लावून बघू नका. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर त्याच्या अंगावर केस गेलेली जागा आहे का पाहा, आणि असेल तर त्यालाही पशुवैद्याकडे न्या.