दापोलीकडच्या आमच्या वाडीत रेंज फक्त सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळपठारावर येते. दहावीतल्या मुलीचा ऑनलाइन अभ्यास कसा करून घ्यावा?

लाइव्ह तासांच्या मागे लागू नका; सड्यावर किंवा बाजारात गेलात की आठवड्याचा अभ्यास एकदम डाउनलोड करून आणा. मी याच पट्ट्यात शिकवतो. आपली घरं डोंगराच्या कुशीत, माडा-पोफळीखाली, त्यामुळे टॉवर जवळ असला तरी सिग्नल अडतो, आणि पावसात लाइट गेली की बॅटरी संपून टॉवरही बंद पडतो. 2020 च्या निसर्ग वादळानंतर तर कित्येक गावांत बरेच दिवस वीजच नव्हती. त्यात मुलीचा काय दोष?

- बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात. दीक्षा या सरकारी शिक्षण ॲपवरचे धडे उतरवून नंतर नेटशिवाय पाहता येतात.
- शिक्षकांना व्हिडिओऐवजी आवाजात समजावून पाठवायला सांगा. 64 केबीपीएसचा तासभराचा ऑडिओ जेमतेम 29 एमबी होतो, साधा व्हिडिओ त्याच्या कितीतरी पट.

मात्र भूमिती आणि बीजगणितातल्या अडचणी अशा सुटत नाहीत, त्यासाठी आठवड्यातून एकदा तरी शिक्षकांसमोर बसायलाच हवं. आणि विजा चमकत असताना रेंजसाठी तिला उघड्या सड्यावर अजिबात पाठवू नका.