इंजिन गॅरेजात, पैसे इंजिनात

प्रश्न: मी नाशिकला पाथर्डी फाट्याला राहतो. माझ्याकडे जुनी यामाहा रॅप्टर ७०० एटीव्ही (खडबडीत जमिनीवर चालवायची उघडी चारचाकी) आहे. गुढीपाडव्याला तिचं इंजिन अंबडच्या एका गॅरेजात बांधायला दिलं. १०५ मिमीचा पिस्टन, नवा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), हेडचं पोर्टिंग (इंजिनाच्या वरच्या भागातल्या हवेच्या वाटा मोठ्या करणं), ट्यूनिंग, सगळं मिळून ‘अंदाजे २ लाख ४० हजार’ आणि ‘दसऱ्याआधी घेऊन जा’, असं व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलं. आधी १ लाख २० हजार दिले, दिवाळीनंतर आणखी ४० हजार. आता म्हणतात, खर्च ३ लाख ६५ हजारांवर जाईल. सामानासाठी अजून १ लाख द्या, नाहीतर काम बंद आणि इंजिनही मिळणार नाही. पोलिसांत फसवणुकीची तक्रार करू का? एटीव्ही माझ्या हौसेची आहे. कधीमधी मेव्हण्याच्या फार्मवर पर्यटकांना फिरवतो.

उत्तर: पोलिसांत आत्ता जाऊ नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक ठरायला पैसे घेतानाच मनात खोट होती, हे दिसावं लागतं. काम रखडलं, भाव वाढला, एवढ्यावर तो गुन्हा होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा पुन्हा सांगितलंय. उद्या तुमचं हेड किंवा क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा दांडा) दुसऱ्याच्या गाडीत बसवल्याचं कळलं, तर कलम ३१६ चा, म्हणजे विश्वासघाताचा विषय निघेल. तोवर हा दिवाणी आणि ग्राहक कायद्याचा मामला आहे.

सोबत पाठवलेलं चॅट मी वाचलं. दोन ठिकाणी थांबलो. ऑगस्टमध्ये त्यांनी क्रँकचा फोटो टाकून ‘बेअरिंग गेलंय, क्रँकपण करावा लागेल’ असं लिहिलंय आणि तुमचं उत्तर आहे, ‘करून टाका दादा, पैशाचं बघू.’ हे वाक्य त्यांचा वकील फ्रेम करून लावेल. क्रँकच्या कामाला तुम्ही होकार दिला, हे मान्य करावंच लागेल. पण मराठीत ‘बघू’ म्हणजे होकार नसतो, हे लग्नं जुळवणाऱ्या कोणालाही विचारा. तेव्हा क्रँकचे बिलाप्रमाणे वाजवी पैसे द्यायची तयारी ठेवा, बाकीच्या वाढीला बांधलेले नाही आहात.

दुसरी जागा जास्त अडचणीची. दसरा उलटून गेल्यावर तुम्ही ४० हजार पाठवलेत, तेही तक्रारीचा एक शब्द न लिहिता. करार कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे मुदत हा कराराचा गाभा असेल, तर ती चुकल्यावर करार मोडता येतो. नसेल तर फक्त नुकसानभरपाई मागता येते. दसऱ्याची मुदत गाभ्याची होती असं म्हणावं, तर ते ४० हजार आड येतात. तुम्ही वागण्यातून मुदत वाढवून दिलीत. म्हणून आता पुन्हा, लेखी नोटिशीने, वाजवी मुदत घालून द्यावी लागेल. ती न घालता ग्राहक आयोगात गेलात तर पहिल्याच तारखेला हाच मुद्दा निघेल.

आता वाढीव खर्चाचं. तुमच्या गाडीचं मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, १०२ मिमी, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ८४; त्यातून ६८६ सीसी येतात. १०५ केलं की ७२७ च्या आसपास. पण आतून प्लेटिंग (कठीण थर) असलेला सिलिंडर लोखंडी लायनरसारखा (आत बसवलेल्या नळीसारखा) नुसता बोअर करून, म्हणजे आतून कोरून, भागत नाही. पुन्हा प्लेटिंग करावं लागतं किंवा लायनर बसवावा लागतो. शिवाय शेवटचं माप हातात आलेला पिस्टन मोजून, क्लिअरन्स, म्हणजे मधली फट, ठेवून धरतात. पिस्टन आला नाही तर पुढचं सगळं खोळंबतं. अंबड-सातपूरला लेथची वानवा नाही, बाहेरून येणाऱ्या पिस्टनची आहे. त्यामुळे थोडी वाट बघणं या धंद्यात आलंच, आणि प्रत्येक उशीर लबाडीचा नसतो. ‘अंदाजे’ लिहिलेला आकडाही पक्का भाव नसतो. पण वाढीसाठी गॅरेजवाले डॉलर आणि कस्टमचं कारण सांगतायत ना? मग पिस्टनच्या ऑर्डरची तारीख मागा. एप्रिलमध्ये आगाऊ पैसे घेऊन ऑर्डर नोव्हेंबरमध्ये टाकली असेल, तर मधली भाववाढ त्यांच्या ढिलाईची आहे. ती तुमच्या डोक्यावर का?

इंजिन अडवून ठेवण्याचा हक्क त्यांना आहे, पण अर्धाच. करार कायद्याचं कलम १७० म्हणतं, वस्तूवर कसब आणि मेहनत लावून काम केलं असेल, तर त्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत ती ठेवून घेता येते. कायद्यातच शिंप्याचं उदाहरण आहे: कोट शिवून होताच देईन आणि पैशांसाठी तीन महिने थांबेन असं शिंप्यानं कबूल केलं असेल, तर त्याला कोट अडवता येत नाही. तुमचे गॅरेजवाले तर झालेल्या कामाचे नव्हे, पुढच्या सामानाचे १ लाख मागतायत. त्यासाठी हा हक्क चालत नाही. मात्र झालेल्या कामाची बाकी निघत असेल, तर ती चुकवावी लागेल. रात्री मित्रांना घेऊन टेम्पोत इंजिन टाकून आणायचा विचार असेल तर सोडा. गुन्हा त्यांच्याऐवजी तुमच्यावर दाखल होईल.

नोटिशीत असं मागा: १५ दिवसांत कामाचा आणि सामानाचा हिशेब, खरेदीची बिलं तारखांसह, सुट्या भागांची यादी आणि फोटो. त्यानंतर ३० दिवसांत जुन्या अंदाजात, क्रँकचा वाजवी खर्च धरून, काम पूर्ण करावं. नाहीतर सगळ्या भागांसह इंजिन परत द्यावं आणि सिद्ध होणारा खर्च वजा करून उरलेले पैसेही. ‘ही मुदत कराराचा गाभा समजावी’ हे वाक्य विसरू नका. इंजिन पावसाळाभर उघडं पडलं असेल, तर करार कायद्याच्या कलम १५१ खाली सांभाळण्याची जबाबदारी त्यांची होती, तेही लिहा. नोटीस स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवा, व्हॉट्सअ‍ॅपवरही टाका.

तरी हललं नाही तर नाशिकचा जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही इथे राहता, दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत आहे, त्यामुळे फी शून्य. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत जावं लागतं. कायदा तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल द्या म्हणतो. कायद्याच्या म्हणण्यावर गॅरेजवाल्यांच्या दसऱ्याइतकाच भरवसा ठेवा. मोबाइल बदलू नका, चॅट पुसू नका. स्क्रीनशॉटसोबत साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं.

मेव्हण्याच्या फार्मचं काय, हे गॅरेजवाले नक्की विचारतील. धंद्यासाठी सेवा घेणारा ग्राहक कायद्याने ग्राहक नसतो. लीलावती कीर्तिलाल मेहता मेडिकल ट्रस्टच्या खटल्यात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुख्य हेतू कोणता हे पाहायला सांगितलं. फेऱ्यांचे पैसे घेत असाल तर मला आत्ताच खरं सांगा. तसं असेल तर दिवाणी कोर्टाचा रस्ता धरू. आणि गाडीची नोंदणी नसेल तर इंजिनाच्या चाचणीलाही ती सार्वजनिक रस्त्यावर काढू नका.

मधल्या काळात त्यांनी इंजिन बांधून दिलंच, तर ताबा घेताना पावतीवर ‘उशिराच्या भरपाईचा हक्क राखून’ असं लिहून सही करा. मुदत गाभ्याची असताना उशिराचं काम मुकाट्याने घेतलं, तर कलम ५५ प्रमाणे भरपाई मागता येत नाही.