आईला सांभाळायची पाळी, भावाच्या गोळ्या, पुराची धास्ती

वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं. पत्रातली माणसं ओळखू येतील असे तपशील गाळले आहेत. या वेळच्या बहुतेक पत्रांत 'मन घट्ट कर म्हणून सांगून थकलो' हे वाक्य आहेच. ते काही दिवस बाजूला ठेवा आणि त्या माणसाच्या हातून काय काय गेलंय ते आधी मोजा: पैसा, सोबत, झोपायची जागा, स्वतःचं स्वतः ठरवायची मुभा.

प्रश्न : वडील दोन वर्षांपूर्वी गेले. आई ६९ वर्षांची. आम्ही तिघे भाऊ, एक कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत, एक जवळच उचगावात, एक पुण्यात. आईला महिन्याच्या पाळीने ठेवून घेतो, कुणी काही कमी करत नाही. पण ती जेवत नाही, पहाटे तीनला उठून बसते, काही विचारलं की 'मला नाही आठवत' म्हणते. स्मृतिभ्रंश सुरू झालाय का?

तुम्ही लिहिलंय त्यावरून आधी नैराश्याची शंका येते. नैराश्यात विसरभोळेपणाची तक्रार माणूस स्वतःच करतो. प्रश्न विचारला की आठवायचा प्रयत्नही न करता 'माहीत नाही' म्हणून मोकळा होतो, आणि हा बदल काही आठवड्यांत, महिन्यांत दिसू लागतो. स्मृतिभ्रंश वर्षानुवर्षं हळूहळू येतो. तो आधी घरच्यांच्या लक्षात येतो, माणूस स्वतः मात्र झाकून नेतो. पहाटे जाग येणं आणि अन्नावरची वासना उडणं हेही नैराश्याकडेच बोट दाखवतं. दोन्ही एकत्र असू शकतात, म्हणून तपासणी टाळू नका. मात्र एक-दोन दिवसांत अचानक बरळणं, भलतंच दिसणं, गुंगीत जाणं सुरू झालं, तर ते ना नैराश्य ना स्मृतिभ्रंश. लघवीतला जंतुसंसर्ग किंवा रक्तातलं सोडियम उतरणं अशी कारणं निघतात. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तपासणीला जाताना आईच्या गोळ्यांची अख्खी पिशवी न्या, नुसती चिठ्ठी नको. तीन घरं, तीन डॉक्टर, म्हणजे रक्तदाबाची एकच गोळी दोन नावांनी चालू असणं अगदी शक्य आहे. रक्तदाबासाठीच्या लघवीच्या गोळ्यांनी सोडियम कमी होतं. झोपेची गोळी कुणीतरी सुरू करून दिलेली असते आणि ती वर्षभर चालते. तिनं स्मरण मंदावतं, रात्री तोल जातो. अशी जुनी गोळी स्वतःहून एका दिवसात बंद करू नका, डॉक्टर ती टप्प्याटप्प्याने कमी करतात. हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२, साखर आणि सोडियम पाहून घ्या. कान आणि मोतीबिंदूही तपासा. ऐकू न येणारी बाई गप्प बसते आणि घरचे म्हणतात, आईचं लक्षच नसतं.

आता पाळीबद्दल. मुलांना ती न्याय्य वाटते, कारण भार सारखा वाटला जातो. आईच्या बाजूने पाहा. दर तीस दिवसांनी नवं अंथरूण, नवं न्हाणीघर, दुसऱ्या सुनेची जेवणाची वेळ. शेजारीण ओळखीची होते तोवर बॅग भरायची. भाजी काय करायची हे सांगायचा हक्क तिन्ही घरांत नाही. अशी व्यवस्था धडधाकट माणसालाही पाहुणा करून टाकते. आमचं स्पष्ट मत: एक घर ठरवा, कुठलं ते आईला एकटीला विचारा, सुनांच्या देखत नको. बाकीच्या दोघांनी पैसा द्यावा आणि ठरल्या वारी येऊन जावं. ज्या घरात ती राहील, तिथल्या सुनेला वर्षातून काही आठवडे पूर्ण सुटी मिळेल एवढी जबाबदारी दुसऱ्यांनी उचलायची. हे न ठरवल्यानेच व्यवस्था मोडते. पाळी टळणारच नसेल तर मुक्काम निदान चार-सहा महिन्यांचा करा. उशी, देव, चष्मा, औषधांचा डबा आणि कागदांची फाइल तिच्याबरोबर फिरू दे.

वडिलांची फॅमिली पेन्शन असेल तर पासबुक कुणाकडे आहे? तिच्या हातात द्या. नातवाला दहा रुपये देताना मुलाकडे मागावे लागणं हे लहान वाटतं, पण ते रोजचं असतं. आणि वडील गेल्यापासून ती हळदीकुंकवाला, बारशाला पुढे येते का तेही बघा. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. तुमच्या घराला तर ठरावाचीही गरज नाही. पुढच्या कार्यात ओटी तिच्याच हातून भरून घ्या.

नैराश्याचं औषध सुरू झालं तर फरक दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, वय झालेल्यांना थोडे जास्तच. 'आठवडा झाला, काही गुण नाही' म्हणून सोडून दिलेल्या औषधांची संख्या मोठी आहे. बरं वाटल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवतात.

प्रश्न : शिरोळ तालुक्यातून लिहिते. आमचे मालक ४८ वर्षांचे. २०१९ ला घरात पाणी शिरलं, २०२१ ला परत. मृगाचा पाऊस लागला की त्यांची झोप उडते, रात्रभर मोबाईलवर पाणीपातळी बघत बसतात. आता सकाळीच घ्यायला लागलेत. सोसायटीचं कर्जही आहे. परवा म्हणाले, 'मी नसलो तर तुमचं बरं होईल.'

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करू. ते बोलणं हवेत सोडू नका. आजच, शांत वेळी, सरळ विचारा: 'जीव द्यावा असं मनात येतं का? कसं करायचं तेही ठरवलंय का?' विचारल्याने ते डोक्यात भरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' असेल तर त्यांना एकटं ठेवू नका, त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे न्या. कोल्हापुरात थोरल्या दवाखान्यात, म्हणजे सीपीआरला, हा विभाग आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

घरातली तणनाशकं, कीटकनाशकं आजच बाहेर काढा. भावकीतल्या विश्वासाच्या घरी कुलपात ठेवा, किल्ली तिकडेच राहू दे. उरलेल्या अर्ध्या बाटल्या साठवायच्या नाहीत. असा झटका बऱ्याचदा थोडाच वेळ टिकतो. त्या वेळेत हाताशी काही नसलं तर माणूस वाचतो. कुणी काही प्यायलंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवत बसू नका, बाटली लेबलासकट घेऊन दवाखान्यात पळा. पोलिसांच्या भीतीने खरं लपवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसाला तीव्र ताणाखाली होता असंच धरतं, गुन्हेगार नाही.

दारूचं दुसरं. रोज सकाळी लागते म्हणजे शरीराला सवय झाली. शपथ घालून, माळ घालून एका दिवसात तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास आणि भ्रम होऊ शकतात, जीवावरही बेततं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, बी-१ जीवनसत्त्व देत सोडवावी लागते.

आणि पाणी. पूर ओसरल्यावर मदतीच्या गाड्या काही आठवडे येतात, मग पंचनाम्याची वाट, ओल्या भिंती आणि हप्ते एवढंच उरतं. मन तिथे खचतं, नुसत्या पाण्याने नाही. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका. दोन्ही महापुरांत पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं होतं, तेव्हा त्यांची धास्ती खोटी नाही. पण दर दहा मिनिटांनी आकडा पाहून ती वाढतच जाते. पातळी पाहायचं काम मुलाकडे द्या, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. पावसाआधीच मालकांबरोबर बसून वहीत लिहा: तुमच्या गावच्या पट्टीवर पाणी कुठवर आलं की जनावरं हलवायची, ट्रॉली कुणाची, गोठा कुणाचा, कागदपत्रांची पिशवी कुणी उचलायची. हे त्यांच्या हाताने लिहवून घ्या. कर्जाचंही तसंच. सोसायटी, बँक, हातउसने, सगळं एका पानावर आणा. आकडा मोठा असेल, पण अंधारात दिसतो तेवढा नसतो.

प्रश्न : इचलकरंजी. भाऊ ३४ वर्षांचा, स्किझोफ्रेनिया. गोळ्या घेतो, तरी दोन वर्षांत तीनदा बिघडलं. बाबा दिवसभर 'आळशी' म्हणून तोडून बोलतात, आई हाताने भरवते, त्याच्याजवळच झोपते. आमचं चुकतंय का?

आजार तुमच्यामुळे झालेला नाही, हे आधी बाबांना आणि आईला मोठ्याने वाचून दाखवा. पण तो परत उलटणं घरातल्या वातावरणाशी जोडलेलं आहे. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९५० च्या दशकातच आढळलं की इस्पितळातून आई-वडिलांकडे किंवा जोडीदाराकडे परतलेले रुग्ण, भावंडांकडे वा भाड्याच्या खोलीत राहिलेल्यांपेक्षा जास्त वेळा परत आजारी पडत. पुढे कारण सापडलं: सततची टोचणी, राग, आणि दुसऱ्या टोकाला जीव गुदमरेल अशी काळजी. अशा माणसासमोर रुग्ण आठवड्याला ३५ तासांहून जास्त असेल तर धोका वाढतो. तुमच्या घरात दोन्ही टोकं एका छताखाली आहेत.

अंथरुणात पडून राहणं, अंघोळ टाळणं हे या आजाराचंच लक्षण आहे. बाबांनी 'दिवसभर लोळतोस' ऐवजी 'दहाला अंघोळ कर, पाणी तापवलंय' एवढंच म्हणावं. एका वेळी एकच गोष्ट, तीही कामाची. आईने ताट वाढून उठावं, त्याने आपल्या हाताने जेवावं, अंथरूण वेगळं. दिवसातले चार तास तो घराबाहेर असायला हवा. ओळखीच्या यंत्रमाग कारखान्यात कांड्या भरायला चालेल, पण रात्रपाळी अजिबात नको. झोप तुटली की हा आजार उफाळतो.

मागच्या तिन्ही वेळी बिघडण्याआधी काय दिसलं ते आठवून लिहा: दोन रात्री जाग, येरझाऱ्या, शेजाऱ्यांवर संशय, जे असेल ते. त्यातलं काही दिसलं की पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे जायचं. गोळ्या खरंच पोटात जातात का, हेही बघा. चहात चोरून घालू नका. कळलं की चहाही सुटतो आणि विश्वासही. रोजची गोळी जमत नसेल तर महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन मिळतं, डॉक्टरांना विचारा.

त्याच्या इच्छेविरुद्ध भरती करावी लागली तर २०१७ च्या त्याच मानसिक आरोग्य सेवा कायद्यात वाट आहे. नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे उपचारांबाबत त्याच्या बाजूने बोलणाऱ्या माणसाचा, अर्ज लागतो आणि दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी, त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ. पहिली मुदत जास्तीत जास्त ३० दिवस. प्रतिनिधी कोण हे त्यानेच, बरा असताना, कागदावर लिहून ठेवावं.

प्रश्न : गडहिंग्लजहून. मुलगा ४१ वर्षांचा, बौद्धिक दिव्यांग. मी निवृत्त शिक्षक, पत्नीला संधिवात. आमच्यामागे त्याचं काय?

राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो. तुम्ही दोघं आहात तोवरच पुढचा पालक कोण हे ठरवा, त्याला आताच सामील करा. याच न्यासाची निरामय योजना वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा देते. मुलाला त्या नातेवाइकाकडे महिन्यातून दोन रात्री राहायला पाठवायला सुरुवात करा. आई गेल्याच्या दुसऱ्या दिवशी घर बदलणं हा त्याच्यासाठी दुहेरी आघात असतो. त्याचा दिवस कसा जातो, कशाने बिथरतो, काय खातो, हे एका पानावर लिहून त्या घरी ठेवा. आणि तुम्ही सरकारी पेन्शनर असाल तर कमावू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला फॅमिली पेन्शन हयातभर मिळू शकते. त्यासाठी त्याचं नाव आणि दिव्यांग प्रमाणपत्र तुमच्या पेन्शनच्या कागदांत आत्ताच लावून घ्या.