केनियाचं काय झालं? पुण्यातल्या त्या गुरुवारपासून सांगतो

तुमचा प्रश्न असा की २००३च्या वर्ल्डकपची सेमीफायनल खेळलेला केनियाचा संघ केवळ नशिबाने तिथवर पोचला होता का, आणि तसं नसेल तर मग तो गेला कुठे. नशीब होतं, पण पुढे जे झालं त्याला नशीब म्हणता येणार नाही. थोडं मागून सांगावं लागेल, कारण मी या संघाला पहिल्यांदा पाहिलं ते टीव्हीवर नाही, पुण्यात.

२९ फेब्रुवारी १९९६, गुरुवार. वर्ल्डकपचा सामना, केनिया विरुद्ध वेस्ट इंडिज. मी अकरावीत होतो. वडिलांनी ऑफिसला रजा टाकली आणि आम्ही स्वारगेटच्या नेहरू स्टेडियमवर गेलो, ते लारा बघायला. वॉल्श, ॲम्ब्रोज, बिशप आणि लारा एकाच मैदानावर डोळ्यांनी बघायला मिळणार, एवढंच डोक्यात होतं. केनियाच्या एकाही खेळाडूचं नाव मला ठाऊक नव्हतं. पायरीवर पेपर अंथरून बसलो. केनिया १६६ धावांत आटोपलं आणि त्यातल्या ३७ अवांतर होत्या. फलंदाजांत स्टीव्ह टिकोलोच्या २९ सगळ्यात जास्त. शेजारच्या काकांनी डबा उघडला आणि म्हणाले, "चारपर्यंत घरी पोचू."

मग रजब अलीने रिचर्डसनचा त्रिफळा उडवला. केनियाचा यष्टिरक्षक तारिक इक्बाल, चष्मा लावलेला, अंगाने भरलेला. हातात आलेला चेंडूही त्याला नीट धरता येत नव्हता, आणि लोक त्याला हसत होते. लाराच्या बॅटची कड घेऊन चेंडू गेला तो याच माणसाकडे. तारिक थोडा धडपडला आणि चेंडू राहिला हातात. लारा ८. क्षणभर अख्खं स्टँड गप्प. आपण ज्याला बघायला आलो तो चालला, याचं दुःख करावं की टाळ्या वाजवाव्यात, हेच कोणाला कळेना. मग टाळ्या सुरू झाल्या आणि पुढचे दोन तास पुणं केनियाचं झालं. वेस्ट इंडिज ३५.२ षटकांत सर्वबाद ९३. चंदरपॉल आणि हार्पर सोडून कोणी दोन आकड्यांत गेलं नाही. कर्णधार मॉरिस ओडुम्बेची १० षटकं, १५ धावा, ३ बळी. शेवटी ती पोरं मैदानाला फेरी मारायला निघाली आणि आम्ही कुंपणाच्या जाळीला चिकटून ओरडत होतो. डबेवाले काकाही.

हे एवढं सविस्तर सांगितलं कारण २००३ आभाळातून पडलं नव्हतं. पुण्यानंतर आठवड्याभरात कँडीला श्रीलंकेने त्यांना ३९८ मारल्या, तेव्हाचा एकदिवसीय सामन्यांतला विक्रम. पण त्याच सामन्यात टिकोलोने ९६ काढल्या होत्या. मे १९९८मध्ये ग्वाल्हेरला त्यांनी भारताला ६९ धावांनी हरवलं, ऑक्टोबर २००१मध्ये पोर्ट एलिझाबेथला पुन्हा ७० धावांनी. एकदा जमलं तर लॉटरी म्हणा. तीन-तीनदा जमलं तर त्या संघात काहीतरी होतं, हे मान्य करायला हवं.

आता २००३चा हिशेब. साखळीत प्रत्येक विजयाला ४ गुण होते. केनियाचे झाले १६. त्यातले ४ न्यूझीलंडने सुरक्षेच्या कारणावरून नैरोबीला यायला नकार दिला म्हणून मिळाले. आदल्या नोव्हेंबरात मोम्बासाजवळच्या हॉटेलवर हल्ला झाला होता. हे ४ वजा केले तर उरतात १२, आणि १४ गुणांचं वेस्ट इंडिज त्यांच्यापुढे जातं. म्हणजे ते चार गुण नसते तर केनिया सुपर सिक्समध्येच, म्हणजे साखळीनंतरच्या सहा संघांच्या फेरीतच, नसतं. सुपर सिक्सचा निकाल पाहिला तरी तेच दिसतं. केनिया १४, श्रीलंका ११.५, आणि तेच चार गुण केनियाबरोबर पुढे आले होते. नशीब म्हणणारे इथपर्यंत शंभर टक्के बरोबर आहेत.

पण उरलेल्या १२ गुणांचं काय? न आलेल्या न्यूझीलंडनंतर तीनच दिवसांनी, २४ फेब्रुवारीला, त्याच नैरोबीत श्रीलंका आली. केनियाच्या २१०, श्रीलंका सर्वबाद १५७. कॉलिन्स ओबुया नावाच्या लेगस्पिनरने १० षटकांत २४ धावा देऊन ५ बळी घेतले. तिलकरत्ने, अरविंद डिसिल्व्हा, जयवर्धने, संगकारा, वास ही त्याची यादी. फिरकी खेळायला लहानपणापासून शिकलेली माणसं ही. कॅनडाला त्याआधीच हरवलं होतं, मग बांगलादेशला जोहान्सबर्गला हरवलं, आणि सुपर सिक्समध्ये झिम्बाब्वेला १३३ मध्ये गुंडाळून सात गडी राखून. हे गुण कोणी घरपोच आणून दिले नव्हते.

आणि त्या संघाचा प्रशिक्षक होता आपला संदीप पाटील. २० मार्चला डरबनच्या सेमीफायनलमध्ये गांगुली नाबाद १११, तेंडुलकर ८३, आपले २७०. केनिया १७९. टिकोलोने ५६ काढल्या, पण सामना कधी हातचा जाईल असं वाटलं नाही. आमच्या घरी सगळे भारतासाठी ओरडत होते. मीही ओरडत होतो, पण टिकोलो बाद झाला तेव्हा मला वाईट वाटलं, हे प्रांजळपणे सांगतो.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, जो जास्त महत्त्वाचा आहे.

केनियाचं क्रिकेट म्हणजे नैरोबीतले मोजके क्लब. जिमखाना, सिंबा युनियन, आगाखान, स्वामीबापा अशी नावं बघितलीत तरी ते कोणी उभे केले ते कळतं. तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांनी हा खेळ जपला. १९७५च्या वर्ल्डकपला पूर्व आफ्रिकेचा म्हणून जो संघ गेला त्यात जवळपास सगळे आशियाईच होते. पुढच्या वीस वर्षांत याच क्लबांतून आफ्रिकन मुलं पुढे आली, आणि तीही घराण्यांनी आली. टिकोलो भाऊ, ओडुम्बे भाऊ, सुजी भाऊ, ओबुया भाऊ. वर्तुळ इतकं लहान की २००६मध्ये बांगलादेशविरुद्धच्या सामन्यात हितेश मोदीला पायचित देणारे पंच होते सुभाष मोदी, त्याचे वडील. बाहेरचा केनिया फुटबॉल खेळत होता आणि धावत होता. चार घरांतून एक विलक्षण पिढी निघाली, तिच्या मागे रांग नव्हती. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

तरीही वेळ होता. सेमीफायनलनंतर त्यांना सामने मिळायला हवे होते, भरपूर, मोठ्या संघांशी, घरच्या मैदानावर. मिळाले किती? वर्ल्डकपनंतर लगेच शारजाचा एक चषक झाला, मग २००४मध्ये चॅम्पियन्स ट्रॉफीत भारत आणि पाकिस्तानशी दोन सामने. २००५मध्ये एकही एकदिवसीय सामना नाही. सेमीफायनल खेळलेल्या संघाला! माझा सगळ्यात मोठा राग इथे आहे. कसोटीचा दर्जा मागितला, तोही मिळाला नाही. शेजारी ठेवून बघा बांगलादेशला. १९९७च्या आयसीसी ट्रॉफीच्या, म्हणजे कसोटी न खेळणाऱ्या देशांच्या स्पर्धेच्या, फायनलला ते केनियापुढे शेवटच्या चेंडूवर जिंकले, त्यांचा एकदिवसीय सामन्यांतला पहिला विजय १९९८मध्ये हैदराबादला केनियाविरुद्धच आला. तोवर दोघं तोडीस तोड होते. २०००मध्ये बांगलादेश कसोटी देश झाला. पुढची काही वर्षं तो नुसता हरत होता, पण हरता हरता खेळत होता. केनियाला हरायलाही कोणी बोलावलं नाही. बांगलादेशात खेळाला वेड होतं, प्रेक्षक होते, बाजार होता. ते खरंच, पण मग वर्ल्डकपमध्ये जिंकण्याला किंमत काय राहिली?

घरातही आग लागलीच होती. मानधनावरून खेळाडूंचा संप झाला, संघटनेत पैशांवरून आरोप-प्रत्यारोप, शेवटी जुनी संघटना मोडून नवी उभी करावी लागली. ऑगस्ट २००४मध्ये ओडुम्बेवर सट्टेबाजांशी संबंधांबद्दल पाच वर्षांची बंदी आली. पुण्यात ज्याच्या नावाने घसा बसेपर्यंत ओरडलो तोच हा माणूस. ती बातमी मी दोनदा वाचली होती.

बाकी उतार पटकन सांगतो. २००७च्या पहिल्या टी-२० वर्ल्डकपला न्यूझीलंडसमोर ७३ सर्वबाद, मग श्रीलंकेने त्यांना २६० ठोकल्या. २०११च्या वर्ल्डकपला सहाच्या सहा सामने हरले, चेन्नईत ६९ सर्वबाद. त्यात एकच उजेड: बंगळुरूला ऑस्ट्रेलियासमोर नाबाद ९८ काढणारा कॉलिन्स ओबुया. तोच लेगस्पिनर, तोवर फलंदाज झालेला. २०१४मध्ये एकदिवसीय दर्जाही गेला.

अफगाणिस्तान आणि आयर्लंडला जमलं मग केनियाला का नाही, असंही तुम्ही विचारलंय. आयर्लंडच्या पोरांना शेजारी इंग्लंडची काउंटी स्पर्धा होती, रोजचं व्यावसायिक क्रिकेट. अफगाणिस्तान २००८मध्ये जर्सी बेटावर, आयसीसीच्या लहान संघांसाठीच्या लीगच्या पाचव्या डिव्हिजनपासून चढत आलं, तेव्हा केनिया सगळ्यात वरच्या डिव्हिजनचं विजेतं होतं. पण अफगाणिस्तानमागे खेळाने झपाटलेली पोरं होती आणि चढायला शिडी होती, प्रत्येक पायरीवर सामने मिळत गेले. केनियाच्या ऐन भराच्या काळात ती शिडीच नव्हती. २०२३मध्ये पुण्याजवळच्या गहुंजेला अफगाणिस्तानने श्रीलंकेला हरवलं तेव्हा मी स्टँडमध्ये होतो, आता मुलीला घेऊन. तिला मी मधल्या वेळात तारिक इक्बालची गोष्ट सांगितली.

त्या संघाची पारख करायची असेल तर सेमीफायनल बघू नका. १५ मार्च २००३चा डरबनचा ऑस्ट्रेलियाविरुद्धचा सामना शोधा. ब्रेट लीची हॅटट्रिक, केनियाच्या जेमतेम १७४. ऑस्ट्रेलिया आरामात निघालंय. मग चेंडू घेतो असिफ करीम, वय ३९, निवृत्त होऊन परत बोलावलेला डावखुरा फिरकीपटू. पाँटिंग पायचित. लेहमन यष्टींमागे झेलबाद. हॉगचा झेल स्वतःच्याच गोलंदाजीवर. ८.२ षटकं, ६ निर्धाव, ७ धावा, ३ बळी. सामना ऑस्ट्रेलियाने जिंकला, सामनावीर करीम. त्याच्या गोलंदाजीवर ऑस्ट्रेलियाचे फलंदाज नुसती बॅट पुढे करून चेंडू थोपवत उभे आहेत, तेवढा तुकडा तरी बघाच.