गिम्जे या कोरियन शहरात भातशेतीशिवाय पाहण्यासारखं काय आहे?

तुम्ही विचारलंय की कामासाठी जॉन्जूला येणार आहात, एक दिवस मोकळा आहे, तर शेजारच्या गिम्जेत भातशेतीशिवाय काही आहे का. आहे, पण ते त्या शेतीपासून वेगळं काढता येत नाही. मी भंडारा जिल्ह्यातला, घरची धानाची शेती. तीन वर्षांपासून जॉन्जूत राहतो आणि सुट्टी मिळाली की माझी पावलं गिम्जेकडे वळतात.

कोरियाचा साधारण 70 टक्के भाग डोंगराळ आहे. कुठेही उभे राहा, नजर डोंगराला जाऊन अडते. गिम्जेत मात्र मानग्यॉंग आणि दोंगजिन या दोन नद्यांमधली जमीन इतकी सपाट, की आभाळ थेट धानावर टेकलेलं दिसतं. कोरियन माणसाला याचं एवढं अप्रूप, की 1999 पासून इथे शरद ऋतूत क्षितिजाच्या नावाने उत्सव भरतो. इथला तांदूळही क्षितिज याच नावाने विकला जातो. जमलं तर त्याच दिवसांत या, धान पिवळं झालेलं असतं.

सगळ्यात आधी ब्योकगोलजेला जा. हा कोरियातल्या सर्वात जुन्या तलावांपैकी एक. ‘सामगुक सागी’ या जुन्या इतिहासग्रंथात इसवी सन 330 च्या नोंदीत त्याची पाळ 1800 पावलं लांब असल्याचं लिहिलंय. आज पाळीवर चढलात तर पहिल्यांदा गोंधळायला होतं, कारण पाणी कुठेच नाही. या बाजूला बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, त्या बाजूलाही बांध्याच. जिथे तलाव होता तिथे आता धान उभं आहे. 1415 साली राजा थेजोंगच्या काळात हजारो माणसं लावून पाळ दुरुस्त केली, पण 1420 च्या पुरात ती फुटली. पुढे जपानी राजवटीत, 1925 साली, उरलेल्या पाळीच्या पोटातूनच पाट काढला. त्या काळात या मैदानातला तांदूळ गुन्सान बंदरातून जहाजं भरभरून जपानला जायचा आणि पिकवणाऱ्यांच्या ताटात मात्र भरड धान्य. हे वाचून पाळीवर उभं राहिलं की पाटातलं पाणी निराळंच दिसतं.

तलावाला पाच दरवाजे होते. त्यातल्या जांगसेंगगॉ या दरवाजाचे दोन ग्रॅनाइटचे खांब अजून समोरासमोर उभे आहेत, साडेपाच मीटर उंच. जवळ जाऊन त्यांची आतली बाजू बघा. वरपासून खालपर्यंत एक सरळ खाच कोरलेली आहे, माणसाचा पंजा आडवा मावेल एवढी. त्या खाचेत लाकडी फळ्या बसवायच्या, पाणी सोडायचं असलं की वर ओढायच्या. आमच्याकडच्या मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजारांनी शेतीसाठी बांधलेल्या, तलावाच्या पाळीवर लहानाचा मोठा झालेल्या मला ते कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

जवळच एक छोटी टेकडी आहे. तलावाच्या कामावरच्या मजुरांनी गवती चपलांना चिकटलेली माती एकाच जागी झटकली, जुन्या चपलाही तिथेच टाकल्या, त्याची ही टेकडी झाली असं लोक सांगतात. दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. एवढी माणसं रोज मोजायची कशी? म्हणून एक बांधी ठरवली. ती माणसांनी गच्च भरली की पाचशे झाले. तिचं नाव दोएबेमी. दोए म्हणजे धान्य मोजायचं माप आणि बेमी म्हणजे बांधी. आपण पायलीने धान मोजतो, त्यांनी बांधीने माणसं मोजली.

दुपारी मोआकसान डोंगराच्या पायथ्याचं गुमसानसा हे बौद्ध मंदिर. बेकजे या प्राचीन कोरियन राज्याच्या काळातलं. तिथलं मिरुकजॉन हे मैत्रेयाचं दालन बाहेरून तीन मजली दिसतं, पण आत गेलात की मजले नाहीतच. एकच उंच पोकळी आणि तिच्यात जवळपास 12 मीटरची मैत्रेय बुद्धाची मूर्ती. जपानी आक्रमणात 1597 साली मंदिर जळलं, आजची लाकडी वास्तू 1635 ची. 935 साली उत्तरकालीन बेकजेचा राजा ग्यॉन ह्वॉन याला त्याच्या पोरानेच इथे कोंडून ठेवलं होतं.

संध्याकाळ मांगहेसासाठी राखून ठेवा. नावाचा अर्थ ‘समुद्र न्याहाळणारं मंदिर’. आता समोर समुद्र नाही. 2010 साली पूर्ण झालेल्या सेमांगुम या समुद्रातल्या बांधाच्या 33 किलोमीटरच्या भिंतीने खाडी बंद केली. त्या नावातला ‘मान’ मानग्यॉंगचा आणि ‘गुम’ गिम्जेचा. गिम्जे नावातलं पहिलं चिनी अक्षर ‘गुम’ असंही वाचतात. भरती-ओहोटीच्या चिखलात लोक शिंपल्या वेचायचे, तिथे आता संथ पाणी पसरलंय. अंगणात दोन जुनी झाडं आहेत, त्यांच्याखाली बसा. तिकडे बसच्या भरवशावर राहू नका, गिम्जे स्टेशनवरून टॅक्सी करा आणि परतीचं आधीच ठरवून घ्या.