साखर बदलली की यीस्टमध्ये काय बदलते? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचे जनुक गॅल-१ प्रमोटरच्या (जनुक चालू-बंद करणाऱ्या डीएनएच्या तुकड्याच्या) ताब्यात देऊन प्लास्मिड (डीएनएचे छोटे वर्तुळ) यीस्टमध्ये घातले आहे. रात्रभर २ टक्के ग्लुकोजमध्ये कल्चर वाढवतो, सकाळी त्यातच २ टक्के गॅलॅक्टोज घालतो आणि चार तासांनी पेशी फोडतो. वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिन बनले का, हे दाखवणाऱ्या चाचणीवर) पट्टाच येत नाही. प्लास्मिडचे सीक्वेन्सिंग बरोबर आहे. चुकते कुठे?
— एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, अमरावती रोड, नागपूर

उत्तर : प्लास्मिडवर संशय घेण्याआधी साखरेकडे बघा. ग्लुकोज शिल्लक असेपर्यंत यीस्ट गॅलॅक्टोजकडे ढुंकूनही पाहत नाही. त्या वेळी मिग-१ नावाचे प्रथिन केंद्रकात असते आणि गॅलॅक्टोज पचवणाऱ्या जनुकांसमोर बसून ती दाबून ठेवते. गॅल-४ हे त्या जनुकांना चालू करणारे प्रथिन, पण त्याचे स्वतःचे जनुकही मिग-१ दाबतो. वर, गॅलॅक्टोज आत घेणारे गॅल-२ हे वाहक प्रथिन ग्लुकोज मिळताच पेशी मोडून टाकते. म्हणजे तुम्ही गॅलॅक्टोज ओतता, पण ते आत नेणारे कोणी नसते आणि आत गेले तरी जनुक ऐकत नाही.

सकाळपर्यंत ग्लुकोज संपलेलेही असू शकते. तसे असेल तर पेशी वाढ थांबवून इथेनॉलवर गुजराण करत असतात. अशा थकलेल्या कल्चरमध्ये गॅलॅक्टोज घातले तर प्रतिसाद येतो, पण उशिरा आणि तुटपुंजा. चार तासांत काही दिसले नाही तर नवल नाही.

उपाय म्हणजे मधे रॅफिनोज ही साखर वापरणे. यीस्टचे इन्व्हर्टेज एन्झाइम रॅफिनोजमधून फ्रुक्टोज हळूहळू सोडवते. पेशी जगते, वाढते, पण जनुके दाबण्याइतकी साखर एकदम मिळत नाही. प्लास्मिडवर यूआरए-३ हे चिन्हक (युरॅसिल बनवू देणारे जनुक, ज्यामुळे प्लास्मिड असलेल्याच पेशी वाढतात) असेल तर युरॅसिल नसलेल्या माध्यमात २ टक्के रॅफिनोज घालून ३० अंश सेल्सिअसला रात्रभर वाढवा. सकाळी ओडी-६०० (कल्चरची गढूळता, म्हणजे पेशींच्या दाटीचे माप) सुमारे ०.२ येईल इतके पातळ करून ताज्या रॅफिनोज माध्यमात घ्या. ओडी ०.५ झाली की शून्य मिनिटाचा नमुना काढा आणि मगच गॅलॅक्टोज घाला. ५० मिलिलिटर कल्चरला २० टक्क्यांचा साडेपाच मिलिलिटर स्टॉक घातला की अंतिम प्रमाण २ टक्के होते. हा स्टॉक ऑटोक्लेव्ह न करता ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून घ्या. गॅलॅक्टोजच्या काही बाटल्यांत थोडे ग्लुकोज मिसळलेले असते, म्हणून लेबलवरची शुद्धता वाचा. पुढे अर्धा, एक, दोन, चार आणि सहा तासांनी नमुने घ्या. तुलनेसाठी रिकामे प्लास्मिड असलेले एक कल्चर आणि ग्लुकोजमधले एक कल्चर बरोबर धरा. एकाच नमुन्यावर निष्कर्ष काढू नये.

मग आतमध्ये काय घडते? गॅल-४ डीएनएवरच्या १७ बेस-जोड्यांच्या खुणेवर आधीच बसलेले असू शकते, पण त्याचा काम करणारा भाग गॅल-८० झाकून ठेवते. गॅलॅक्टोज आले की ते आणि एटीपी गॅल-३ ला चिकटतात, मग गॅल-३ जाऊन गॅल-८० ला धरते आणि गॅल-४ मोकळे होते. प्रमोटर ग्लुकोजमध्ये जवळपास मुका आणि गॅलॅक्टोजमध्ये सुमारे हजारपट बोलका असतो. त्यामुळे नियंत्रित प्रयोगाला तो इतका उपयोगी.

आता एक नागपुरी अडचण. थंड करण्याची सोय नसलेले शेकर-इन्क्युबेटर खोलीपेक्षा कमी तापमान देऊ शकत नाही. मे महिन्यात खोलीतच ४० अंश असतील तर डिस्प्लेवर ३० लावून काही होत नाही, कल्चर चाळिशीतच फिरते. अशा उष्णतेत घड्या बिघडलेली प्रथिने वाढतात. एरवी एचएसएफ-१ या जनुके चालू करणाऱ्या प्रथिनाला अडवून ठेवणारे एचएसपी-७० हे मदतनीस प्रथिन तिकडे गुंतते आणि मोकळे झालेले एचएसएफ-१ उष्णताघाताची जनुके चालू करते. इतर बहुतेक प्रथिनांचे उत्पादन पेशी काही काळ आवरते घेते. थर्मामीटर फ्लास्कजवळ ठेवून बघा. कूलिंग असलेले यंत्र नसेल तर एसी असलेल्या खोलीत काम करा.

यानंतरही पट्टा नाही, तर संदेशवाहक आरएनए मोजा. आरएनएच नसेल तर दोष साखर, प्रमोटर किंवा वाण यांत आहे. एस२८८सी या प्रसिद्ध वाणात गॅल-२ मुळातच निकामी आहे, तेव्हा तुमचे वाण गॅलॅक्टोजवर वाढते का, हे आधी प्लेटवर तपासा. आरएनए भरपूर आणि प्रथिन नाही, तर रायबोसोमच्या (आरएनए वाचून प्रथिन बनवणाऱ्या यंत्रणेच्या) पायरीवर अडले किंवा बनून तुटले. एयूजीच्या (प्रथिनाची सुरुवात सांगणाऱ्या आरएनएवरच्या तीन अक्षरांच्या) आधी तिसऱ्या जागी ए असल्यास यीस्टचे रायबोसोम खुशीत सुरुवात करते. तोडफोडीचा संशय असेल तर पेप-४ (प्रथिने तोडणाऱ्या एन्झाइमांना, म्हणजे प्रोटीएजना, कामाला लावणारे प्रथिन) नसलेले वाण वापरा. प्रोटीएजना रोखणारे पीएमएसएफ हे रसायन पाण्यात लवकर निकामी होते, तेव्हा ते पेशी फोडण्याच्या क्षणी घाला. घाईच्या तपासणीला ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये पेशी पाच मिनिटे ठेवा, खाली बसवून द्रव ओता आणि नमुना बफरमध्ये तीन मिनिटे उकळा. या मार्गाने प्रोटीएजना काम करायला फारसा वेळच मिळत नाही.

प्रश्न : साखर न घालता केलेला पाव आधी चांगला फुगतो, मधेच थबकतो आणि नंतर पुन्हा फुगतो. यीस्ट जुने असेल का? उन्हाळ्यात पीठ आंबटही होते.
— एक गृहिणी, मनीषनगर, नागपूर

उत्तर : यीस्ट जुने असते तर सुरुवातीलाच फुगले नसते. मैद्यात मोकळी साखर थोडीच असते, ती यीस्ट आधी संपवते. नंतर पिठातल्या एन्झाइमांनी स्टार्च तोडून बनवलेल्या माल्टोजवर यावे लागते. ग्लुकोज असेपर्यंत माल्टोज आत घेणारे वाहक आणि ते तोडणारे माल्टेज, दोघांची जनुके बंदच असतात. ग्लुकोज संपले की ती चालू होतात, पण आरएनए आणि प्रथिने बनायला वेळ लागतो. तुमच्या पिठाचा तो थबका म्हणजे हाच वेळ. त्या वेळी आणखी यीस्ट घालू नका. १०० ग्रॅम मैद्यामागे २ ते ३ ग्रॅम साखर घातली तर थांबा लांबणीवर पडतो.

खात्री करायची असेल तर दोन सरळ बाजूंच्या काचेच्या बाटल्या घ्या. प्रत्येकीत १०० ग्रॅम मैदा, ६० मिलिलिटर पाणी, दीड ग्रॅम मीठ आणि १ ग्रॅम इन्स्टंट यीस्टचा गोळा टाका, त्यातल्या एकात ३ ग्रॅम साखर. रबर बँडने उंची दाखवा आणि दर दहा मिनिटांनी टिपा.

आंबटपणाला उष्णता कारणीभूत. पीठ मळून २६ अंशांचे हवे असेल तर २६ ला तीनने गुणून त्यातून मैद्याचे आणि खोलीचे तापमान वजा करा. हाताने मळताना उरलेला आकडा जवळपास पाण्याचे तापमान असतो. मैदा आणि खोली दोन्ही ३८ अंश असतील तर ७८ मधून ७६ जातात, उरतात दोन! म्हणजे बर्फाचेच पाणी. छतावरच्या टाकीचे पाणी तर सोडाच. यीस्टही हिवाळ्याच्या निम्मे घ्या. संत्र्याची साल किसून घालायची सवय असेल तर हात आखडता ठेवा, सालीतल्या तेलातले लिमोनिन यीस्टला मंदावते.

प्रश्न : पुस्तकात लॅक ओपेरॉन आहे. यीस्टमध्येही तसेच असते का? आणि जनुक चालू झाले म्हणजे प्रथिन बनलेच, असे समजायचे का?
— बारावीचा विद्यार्थी, महाल, नागपूर

उत्तर : तसे नसते. बॅक्टेरियाच्या ओपेरॉनमध्ये अनेक जनुकांचा एकच सलग आरएनए बनतो. यीस्टमध्ये गॅल-१, गॅल-७ आणि गॅल-१० एकमेकांना खेटून असले तरी प्रत्येकाचा आरएनए वेगळा, आणि तो केंद्रकातून बाहेर आल्यावरच रायबोसोमला मिळतो.

दुसऱ्या प्रश्नाचेही उत्तर नाही, आणि त्याचा झकास नमुना आहे जीसीएन-४. हे प्रथिन उपासमारीत अमिनो आम्ले बनवणारी जनुके चालू करते. त्याच्या आरएनएमध्ये खऱ्या मजकुराआधी चार छोटे फसवे मजकूर आहेत. पोट भरलेल्या पेशीत रायबोसोम पहिला मजकूर वाचून पुढे निघते, लगेच पुन्हा तयार होते, पुढच्या फसव्यांपैकी एखाद्यावर अडकते आणि चौथ्याच्या शेवटी तर सुटूनच जाते. खऱ्या मजकुरापर्यंत फारसे कोणी पोहोचत नाही. अमिनो आम्ले कमी पडली की ती रायबोसोमपर्यंत वाहून नेणारे टीआरएनए रिकामे जमा होतात. ते जीसीएन-२ हे एन्झाइम ओळखते आणि रायबोसोमला सुरुवात करून देणाऱ्या इआयएफ-२ प्रथिनावर फॉस्फेट लावते. त्यामुळे पुन्हा तयार व्हायला रायबोसोमला उशीर होतो, तोवर ते चौथा फसवा ओलांडून गेलेले असते आणि जीसीएन-४ वाचले जाते. बाकीची प्रथिने कमी बनत असताना हे मात्र वाढते, आणि यात आरएनएची पातळी फारशी हललेली नसते.

प्रयोगशाळेत हे दाखवायला हिस्टिडिन नसलेल्या प्लेटवर १० मिलिमोलर ३-अमिनोट्रायझोल वापरतात. ते हिस्टिडिन बनवणाऱ्या हिस-३ एन्झाइमला अडवते. वाणात हिस-३ शाबूत हवे, ते गमावलेले वाण अशा प्लेटवर औषधाशिवायही वाढत नाही. शाबूत वाण टिकते, कारण जीसीएन-४ हिस-३ चे उत्पादन वाढवते. जीसीएन-२ गमावलेले वाण त्याच प्लेटवर वाढत नाही.